रंग, रक्त आणि गादी : परंड्यातील एका सोयरिकीचा इतिहास

१. इ.स. १६००. चांदबीबी मारली गेली होती, अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला होता आणि बालराजा बहादूर निजामशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात व्हायची होती. मुघल छावणीत निजामशाही बुडाली असेच मानले जात होते. त्याच सुमारास परंड्याच्या भुईकोटात निजामशाही घराण्यातील एका तरुणाला मुर्तजा निजामशाह (दुसरा) म्हणून गादीवर बसवण्यात आले. बसवणारा पुरुष आफ्रिकेत जन्मलेला, बालपणी बाजारात विकला गेलेला होता. त्याने आपली मुलगी या तरुणाला दिली होती. म्हणजे तो नव्या सुलतानाचा सासराही होता.

२. त्याचे नाव मलिक अंबर. त्याच्या गनिमी काव्याबद्दल, भातवडीबद्दल, खडकी शहराबद्दल आपण पुष्कळ वाचतो. आजच्या या धाग्यात लढाया थोड्या बाजूला ठेवू आणि एका घराकडे पाहू. सावळ्या वर्णाच्या हबशी सेनापतीची मुलगी दख्खनच्या राजघराण्यात सून म्हणून गेली, तेव्हा त्या घरात आणि त्या काळात ‘काळा’ या शब्दाचा अर्थ काय होता? रंगामुळे सत्तेची वाट अडत होती का? आणि अडत नसेल, तर रंगावरून झालेला अपमान इतका जिव्हारी का लागला?

३. आधी सून ज्या घरात गेली, ते घर पाहू. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन बहिरी. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की हा मूळचा ब्राह्मणाचा मुलगा; विजयनगरच्या मुलुखातून लहानपणी कैद होऊन तो बहमनी दरबारात आला आणि मुसलमान म्हणून वाढला. घराण्याचे कुलकर्ण परभणीजवळच्या पाथरीचे, म्हणूनच पुढच्या निजामशाहांनी पाथरीसाठी वऱ्हाडशी हट्टाने भांडण मांडले. म्हणजे अहमदनगरच्या गादीचे रक्तच मुळी ‘शुद्ध’ कुळाची बढाई मारणारे नव्हते. त्याची सुरुवातही एका पकडून आणलेल्या मुलापासून झाली होती.

४. आता सुनेचे माहेर. अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तानातून बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासिम या मालकाने त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि ‘अंबर’ हे नाव ठेवले. पुढे दख्खनमध्ये त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. लक्षात घ्या : हा पेशवाही हबशी होता आणि एके काळी गुलामच होता.

५. नावातच रंगाची एक गोष्ट दडली आहे. मराठी कानाला अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. अरबी-फार्सीत मात्र अंबर हे देवमाशापासून मिळणारे अत्यंत महाग सुगंधी द्रव्य. गुलामांना रत्नांची आणि सुगंधांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती : याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, रेहान म्हणजे सब्जासारखी सुवासिक वनस्पती. फार्सी काव्यात प्रेयसीच्या काळ्या केसांना अंबराची उपमा दिली जाते. म्हणजे काळेपणाचे नाव सुंदर होते, पण ते मालकाने आपल्या मौल्यवान मालाला दिलेले नाव होते. कौतुक आणि मालकी, दोन्ही त्या एका शब्दात.

६. इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाचे आणि उसाचे मळे येतात. तिथे गुलामी पिढ्यान्‌पिढ्या चाले आणि कातडीचा रंग हीच तिची खूण ठरली. दख्खनमध्ये हबशी मुले आणली जात ती मुख्यतः लष्करासाठी. घरदार तुटलेला, नातेगोते नसलेला मुलगा मालकाशीच एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब. मालक वारला की असे सैनिक बहुधा मोकळे होत, स्वतःचे पथक बाळगत आणि सरदारही बनत. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्याने करिमा बीबीशी लग्न केले.

७. याचा अर्थ ही गुलामी सौम्य होती, असा मुळीच नाही. आईबापांपासून तोडलेले मूल वाळवंटातून आणि समुद्रातून परक्या मुलुखात येते, याला सौम्य म्हणता येत नाही. पण तिची बेडी रंगाला जखडलेली नव्हती, म्हणून ती एका पिढीत तुटू शकत होती. अंबरने आपल्या एका मुलाचे नाव चंगीझखान ठेवले. ज्याचे कुळ मागे उरले नव्हते, त्याने जुन्या धन्याच्या नावातून नवे कुळ उभे केले.

८. ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे इथिओपिया या देशनामावरून आला. ‘सिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’ यावरून आल्याचे मानले जाते. गुलाम म्हणून आलेल्या समाजाला आपण रोजच्या बोलण्यात ‘स्वामी’ म्हणत आलो, ही भाषेची गंमत. जंजिऱ्याचे सिद्दी पुढे १९४८ पर्यंत संस्थानिक होते. तेव्हा आफ्रिकी वंशाच्या माणसाने महाराष्ट्रात राज्य करणे हा एखादा अपवाद नव्हता. ती इथल्या इतिहासातील एक परिचित वाट होती.

९. मिश्र विवाहांतून जन्मलेल्या संततीसाठीही शब्द होता : मुवल्लद. आफ्रिकी पिता आणि हिंदुस्थानी माता यांच्या मुलांना दख्खनमध्ये असे म्हणत. त्याच काळात शेजारच्या पोर्तुगीज गोव्यात काय चालले होते ते पाहा. १५१० नंतर आफोन्सो द अल्बुकर्कने आपल्या सैनिकांना स्थानिक स्त्रियांशी लग्न करण्यास उत्तेजन दिले. पण तिथे जन्मावरून पायऱ्या पडल्या : पोर्तुगालमध्ये जन्मलेला रेनोल, पोर्तुगीज आईबापांचा पण इथे जन्मलेला कास्तिसो, मिश्र रक्ताचा मेस्तिसो. गोव्यात मिश्रणाचे प्रमाण माणसाची पायरी सांगत असे. दख्खनमध्ये ‘मुवल्लद’ हा शब्द बहुधा माणूस कोणत्या गटात उभा आहे, ते सांगत असे.

१०. आणि गट हीच दख्खनच्या राजकारणाची गुरुकिल्ली आहे. एका बाजूला ‘आफाकी’, म्हणजे इराण आणि मध्य आशियातून आलेले अमीर. दुसऱ्या बाजूला ‘दक्षिणी’, म्हणजे इथे स्थायिक झालेले. हबशी तर समुद्रापलीकडचे. तरीही ते सहसा दक्षिण्यांच्या बाजूला उभे राहिले. कारण उघड आहे. इराणी अमिराला मागे घर होते, व्यापार होता, सोयरेधायरे होते. हबश्याला परतीची वाटच नव्हती. पुष्कळदा पंथाचा फरकही होता : आफाकींत शिया अधिक, दक्षिणी आणि हबश्यांत सुन्नी अधिक. ज्याला जायला दुसरी जागा नाही, तो इथला होतो.

११. या वैराचे भयंकर फळ १४८१ मध्ये दिसले. गिलानहून आलेला महान वजीर महमूद गावान याच्याविरुद्ध बनावट पत्राचे कारस्थान झाले आणि सुलतानाच्या हुकमाने एका हबशी गुलामाने त्याचा शिरच्छेद केला. कारस्थानात दक्षिणी पक्षाचा पुढारी होता तो वर सांगितलेला मलिक हसन बहिरी, निजामशाहांचा पूर्वज. परंड्याच्या किल्ल्याची बांधणी परंपरेने याच गावानच्या नावावर सांगितली जाते. गावानच्या नावाच्या त्याच कोटात सव्वाशे वर्षांनी मलिक हसनच्या वंशजाला एका हबशी सरदाराने गादीवर बसवावे, हा इतिहासाचा चमत्कारिक योगायोग.

१२. परंडा तेव्हा केवढे मिश्र ठिकाण असेल, याची कल्पना एका तोफेवरून येते. आज विजापुरात असलेली प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. ‘रूमी’ म्हणजे तुर्की साम्राज्यातला. ती तोफ परंड्याच्या कोटावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. तुर्काने ओतलेली तोफ, पाथरीच्या कुलकर्ण्यांचा वंश सांगणारा सुलतान, इथिओपियात जन्मलेला सेनापती आणि मराठे शिलेदार : सीना नदीच्या खोऱ्यातील या कोटात तेव्हाचे अर्धे जग गोळा झाले होते.

१३. आता मूळ प्रश्नाकडे. अंबरने मुलगी का दिली? त्याच्याजवळ फौज होती, पण गादीवर बसण्याचा अधिकार नव्हता. मुर्तजाजवळ वंश होता, पण फौज नव्हती. सोयरिकीने दोन्ही गोष्टी एका घरात आल्या. स्वतः सुलतान होण्याचा प्रयत्न अंबरने कधी केला नाही. दक्षिणी सरदार, मराठे आणि हबशी या सर्वांना एकत्र बांधणारी खूण निजामशाही रक्ताचीच होती, हे तो ओळखून होता. रंगापेक्षा वंशाचे वजन जास्त होते, याचा हा पहिला पुरावा.

१४. परंतु लग्नाने शक्ती जुळते, मने जुळतातच असे नाही. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरच्या छावणीत आला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी : सुलतानाची दुसरी एक राणी होती, गोरी, इराणी. तिने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर, काळी बटीक असे हिणवले आणि तिच्या बापालाही वाईट बोलली. मुलीने ते बापाच्या कानी घातले. त्यानंतर सुलतान आणि ती राणी दोघेही विषप्रयोगाने मेले आणि सुलतानाचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह (तिसरा) गादीवर आला. हे १६१० चे.

१५. ही हकीकत आपण डोळे मिटून स्वीकारावी का? ब्रूक घटनेनंतर सात वर्षांनी आला. त्याने ऐकलेले लिहिले. तो पूर्वी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व्यापार करून आलेला युरोपीय होता, त्यामुळे वर्णाकडे त्याचे डोळे आधीच लागलेले असणार. शिवाय मुर्तजा सासऱ्याच्या मुठीतून सुटण्याची धडपड करत होता, त्यामुळे राजकीय कारण पुरेसे होते. राण्यांचे भांडण हे खरे कारण असेल, निमित्त असेल किंवा छावणीत पसरलेली कथा असेल. पण कथा असली तरी ती काहीतरी सांगते : असा अपमान घडू शकतो आणि त्यासाठी असा सूड घेतला जाऊ शकतो, हे ऐकणाऱ्यांना पटत होते.

१६. त्या शिवीचे दोन भाग करून पाहा. एक ‘काळी’, दुसरा ‘बटीक’. यांपैकी घाव कोणता? दख्खनच्या फौजेत आणि दरबारात काळा वर्ण रोज दिसत होता. हबशी पेशवे, किल्लेदार, सरदार होऊन गेले होते. नुसत्या वर्णाने कोणाचा पाणउतारा झाला नसता. घाव होता तो जन्माचा : तू विकत घेतलेल्या माणसाची मुलगी आहेस, राणीच्या बरोबरीची नाहीस. पण तो जन्म चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. वर्ण मात्र दिसतो. म्हणून रंग हा विसरत चाललेल्या गुलामीची आठवण करून देणारा शिक्का बनला. तुटलेली बेडी पुन्हा दाखवायची असेल, तर बोट रंगाकडे दाखवायचे.

१७. नेमके हेच जहांगीर करतो. अंबरने त्याच्या सेनापतींना वर्षानुवर्षे झुंजवले. बादशहाच्या आत्मचरित्रात अंबरचे नाव बहुतेक वेळा ‘काळतोंड्या’, ‘काळ्या नशिबाचा’ अशा विशेषणांसह येते. इथे भाषेकडे लक्ष द्या. फार्सीत ‘सियाह-रू’ म्हणजे कलंकित, बेअब्रू झालेला. तो शब्द गोऱ्या बंडखोरालाही लावता येई. आपणही ‘तोंड काळे करणे’ म्हणतो, तेव्हा कातडीबद्दल बोलत नसतो. जहांगीराने ही जुनी नैतिक उपमा खरोखरच काळ्या असलेल्या माणसावर नेऊन बसवली. उपमा आणि वर्ण एक झाले आणि शिवी दुधारी झाली.

१८. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने जहांगीरासाठी एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे आणि भोवती अशुभ मानलेली घुबडे आहेत. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर रणांगणात कधीच समोरासमोर आले नाहीत. अंबर पुढे १० वर्षे जगला आणि मे १६२६ मध्ये आपल्याच मुलुखात वृद्धापकाळी वारला. जे तलवारीला जमले नाही, ते कुंचल्याने उरकले. हरलेल्या पक्षाचा राग रंगाच्या भाषेत कसा उतरतो, याचे हे चित्र उत्तम उदाहरण आहे.

१९. आणि त्याच मुघल दरबाराची दुसरी बाजू पाहा. हाशिम नावाच्या चित्रकाराने १६२० च्या आसपास काढलेले, अंबरचे म्हणून ओळखले जाणारे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात कुठलीही थट्टा नाही. एक धीरगंभीर, वयस्क पुरुष उभा आहे आणि त्याचा वर्ण वर्ण म्हणूनच रंगवला आहे. अंबर वारल्यावर जहांगीराचा बखरकार मुतमदखान याने त्याच्या युद्धकौशल्याची, न्यायबुद्धीची आणि राज्यकारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. शत्रू जिवंत असेपर्यंत जो काळतोंड्या होता, तो मेल्यावर अद्वितीय ठरला. रंग तोच होता, भीती मात्र संपली होती.

२०. आता मराठी मुलुखाने त्याला कसे लक्षात ठेवले ते पाहू. १६२४ च्या भातवडीच्या रणात शहाजीराजे आणि शरीफजी भोसले अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले. परमानंदाच्या ‘शिवभारता’त या लढाईचे सविस्तर वर्णन आहे आणि अंबर तिथे पराक्रमी पुरुष म्हणून येतो. गावोगावच्या कागदांत त्याचे नाव राहिले ते जमीन मोजून ठरवलेल्या साऱ्याच्या रूपाने : मलिकंबरी धारा. रयतेला त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या धाऱ्याशी काम होते. आणि जो प्रदेश सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालतो, जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो, त्याच्या मनात काळ्या रंगाला एकच अर्थ कधीच नव्हता.

२१. म्हणून आपलीच पाठ थोपटून घ्यायची का? नाही. ‘सावळा’ देवाला आणि ‘काळी’ नवरीला, हा भेद आपल्या घरांत अजून आहे. परंड्याची गोष्ट आपल्याला निर्दोष ठरवत नाही. ती एवढेच दाखवते, की रंगाचा अर्थ निसर्गाने ठरवलेला नसतो. एकाच शतकात, एकाच माणसाच्या बाबतीत तो सुगंध होता, शिवी होती, कलंक होता आणि काही ठिकाणी दखल घेण्याजोगा विषयही नव्हता. अर्थ बदलत गेला तो बोलणाऱ्यानुसार. तेव्हा जुन्या कागदात वर्णाचा उल्लेख दिसला, की आधी तीन प्रश्न विचारा : हे कोण बोलते आहे? कोणत्या क्षणी? आणि या शब्दाने त्याला काय परत मिळवायचे आहे?

२२. त्या घराचे पुढे काय झाले? अंबरचा मुलगा फत्तेखान याने बुऱ्हाण निजामशाहाला मारून दुसरे मूल गादीवर बसवले आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या स्वाधीन केले. शहाजीराजांनी आणखी एक निजामशाह उभा करून राज्य तगवण्याचा प्रयत्न केला. १६३६ मध्ये तेही संपले. ज्या रक्ताचा मान राखण्यासाठी अंबर कधी गादीवर बसला नाही, त्या रक्ताला त्याच्याच मुलाने शेवटचा धक्का दिला. कुळ, रंग, सोयरीक यांपैकी काहीच निष्ठेची हमी देत नाही, हे निजामशाहीचे शेवटचे प्रकरण सांगते.

२३. अंबर आणि करिमा बीबी यांच्या कबरी खुलताबादेत आहेत. त्यांच्या मुलीचा आवाज मात्र एका परदेशी व्यापाऱ्याच्या वहीत, तोही दुसऱ्याच्या तोंडून, फक्त एका अपमानापुरता ऐकू येतो. परंड्याला आलेली ही सून नव्या घरात कोणती भाषा बोलत असेल, आपला रंग आरशात कसा पाहत असेल, बापाची चाल तिला मान्य होती का, हे कोणी विचारले नाही. परंड्याला गेलात तर तट, बुरूज, खंदक आणि तोफा अवश्य पाहा. पण त्या कोटात एक राज्य वाचले ते तोफांइतकेच तिच्या लग्नामुळे, हेही लक्षात ठेवा. इतिहासाचे पुढचे वाचन तिच्या बाजूनेही करून पाहा.